आधी मेस्त बसणार

आमच्या देवघरासमोर फणसाचा एक पाट आहे. त्याच्यावर माझ्याआधी विश्राम मेस्त बसले होते. हे मी कुणालाही कौतुकाने सांगते आणि माझ्या सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसोत बापड्या. पेडणे तालुक्यातल्या पार्से गावात ज्यांनी ज्यांनी त्या काळात लाकडाचं काही करून घेतलं, त्या सगळ्यांची हीच गत होती. पाट असो, खुर्ची असो, नाहीतर नवरानवरीची खाट असो, आधी मेस्त बसणार आणि मग गिऱ्हाईक.

आमच्या गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. विश्राम मेस्तांची वस्तू पुरी झाली की ते ती शेडच्या मधोमध आणून ठेवत, डोक्यावरची काळी टोपी नीट करत आणि तिच्यावर मांडी घालून बसत. थोडं डावीकडे कलत, थोडं उजवीकडे. मग बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करून कान देत. आणि उठता उठता एकच शब्द बोलत, "व्हर." म्हणजे घेऊन जा. हा शब्द तोंडातून निघेपर्यंत गिऱ्हाईक कितीही घाई करो, वर रागावो, तरी वस्तू शेडच्या बाहेर पडत नसे.

पंचायतीसाठी केलेल्या नव्या खुर्चीत ते असे बसले होते आणि नेमके सरपंच आत आले. सरपंचांना ते काही आवडलं नाही. "विश्राम, ती खुर्ची कोणाची?" असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. मेस्त उठले नाहीत. "व्हर म्हणसर म्हजी," म्हणाले, म्हणजे व्हर म्हणेपर्यंत माझी, आणि उजवीकडे कलायचं राहिलं होतं ते कलून घेतलं. एका लग्नघरी खाट पोचवायला गेले, तर शेडमध्ये बसून झालेलं असूनही ती अंगणात मांडून तिच्यावर आडवे झाले, आणि उन्हातून चालून आल्यामुळे चक्क घोरायला लागले. नवरीकडच्या बायका आरतीची तबकं घेऊन उभ्या. पाळणा केला तर त्यात मावायचे नाहीत, म्हणून सोललेले नारळ भरून झोके द्यायचे आणि वर अंगाईही म्हणायचे. देवाच्या पालखीत तेवढे ते बसले नाहीत. तिथे त्यांनी तांदळाचं पोतं बसवलं.

या सगळ्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी शाळामास्तरीण, तरी जसंच्या तसं लिहिते. "बाये, मनीस फट मारता. लाकूडय केन्नाय फट मारता. म्हजें कुल्लें केन्नाच फट मारिना." माणूस खोटं बोलेल, लाकूड बोलेल, पण यांची बैठक खोटं बोलणार नाही. आतून लक्ष्मीकाकी ओरडायच्या, "अहो, बायेच्या समोर किदें उलयतात!" काकी म्हणजे त्यांची बायको. त्यावर मेस्त टोपी काढून माझी क्षमा मागत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणत.

मी मूळची डिचोलीकडची, कारापूरची. पार्श्याच्या प्राथमिक शाळेत नेमणूक झाली आणि मेस्तांच्या पडवीला लागून असलेली खोली राहायला मिळाली. खोलीची खिडकी थेट शेडवर उघडायची. वह्या तपासताना कानावर रंधा, आणि सुट्टीच्या दिवशी गावभरची चर्चा. कारण दिवस राजभाषेच्या आंदोलनाचे होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरात भाऊ भावाशी बोलत नव्हता, आणि हे न बोलणारे सगळे भाऊ संध्याकाळी मेस्तांच्या शेडमध्ये येऊन अर्धवट पाटांवर बसून बोलायचे. मेस्तांना विचारलं की तुम्ही कोणत्या बाजूचे, तर म्हणायचे, "आमचें भजन मराठींत, आमचें झगडें कोंकणींत. दोनूय घरचींच. हांव खंयच्याक भायर घालूं?" मी कुठलीला बाहेर काढू, असं.

मोर्चाचे फलक लावायला काठ्या हव्या होत्या तेव्हा दोन्ही बाजूंची पोरं त्यांच्याकडेच आली. त्यांनी एकाच फळीतून दोघांच्याही काठ्या काढल्या आणि सगळ्या गुळगुळीत रंधून दिल्या. एवढं कशाला रंधता, मोडून तर टाकायच्या आहेत, असं मी म्हटलं. तर म्हणाले, हात दोन्हीकडे आपल्याच गावचे, कूस कुणाला टोचायची? पुढे गोवा घटक राज्य होणार अशी बातमी आली आणि शेडमध्ये आनंदीआनंद झाला. मेस्तांनी रंधा थांबवला नाही. "जावंदी. पूण कोणें बसून पळयलां?" होऊ दे, पण बसून कुणी पाहिलंय, एवढंच विचारलं. मला हा माणूस फार आवडायचा.

अशा या माणसाला पाण्याची भीती होती. साधी नाही, पुरी. समुद्र पार्श्यापासून बसने थोड्या वेळाचा, पण मेस्त तिकडे जात नसत. म्हापशाच्या बाजाराला जायचं तर चोपड्याची फेरीबोट टाळून लांबच्या रस्त्याने जायचे आणि अर्धा दिवस घालवायचे. बरं, ही भीती ते लपवतही नव्हते. आपल्या भीतीची ते चक्क बढाई मारायचे. "उदकांत किदें आसा? धरूंक कांय ना, टेकूंक कांय ना. गुण्या लावपाक एक कोन ना. तसल्या जाग्यार शाण्या मनशान कित्याक वचचें?" शहाण्याने तिथे जावंच कशाला, असं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते लाकडी हत्यार. मेस्तांच्या डोक्याशी भिंतीवर ते खिळ्याला टांगलेलं असायचं आणि कामाला बसण्याआधी ते देवाच्या तसबिरीनंतर त्यालाही हात लावून नमस्कार करायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मार्टिन आला. ऑस्ट्रेलियाचा, मोरजीला खोली घेऊन राहिलेला, उन्हाने लाल झालेला, हाडापेराने मोठा आणि स्वभावाने गाईसारखा. काखेत एका लांबट पांढऱ्या फळीचे दोन तुकडे. लाटांवर उभं राहून घसरत यायचं, त्यासाठीची ती फळी. त्याला तिचं फार वेड होतं. खडकावर आपटून तिचे दोन तुकडे झाले होते आणि तशीच एक लाकडाची करून हवी होती. मोरजीचे होड्या करणारे कामात होते, त्यांनी त्याला पार्श्याला पाठवलं. मेस्तांनी मला हाक मारली, कारण माझं इंग्रजी शाळेपुरतं का होईना, पण होतं.

मेस्तांनी मोडक्या तुकड्यात बोट खुपसलं. आतून पांढरा, मऊ, भुसभुशीत फेस. "हें किदें? सान्नां?" म्हणाले. सान्नां म्हणजे आमच्याकडची इडली. "सान्नार उबो रांवलो जाल्यार मोडटलेंच. ताका सांग, हांव ताका अशी वस्त दितां, ताचो नातू तिचेर बसतलो."

आणि मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. घरात मुरलेला फणस होता, पाटांसाठी राखून ठेवलेला. त्याची साडेसात हात लांब फळी काढली, कडा गुण्याला लावून सरळ केल्या, पाठ आरशासारखी सपाट केली. आणि खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. मार्टिन बघायला आला, त्या पट्ट्यांकडे बोट दाखवून त्याने मला विचारलं. मी मेस्तांना विचारलं. मेस्तांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अक्कल गहाण टाकून आले आहे. "पाय ते. पाय नाशिल्लो पाट कोण करता? तें मागीर नुसतें फळें." समुद्रात पाय कुठे टेकायचे, असं विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. आमच्या घरी कधी बिनपायाचा पाट मी पाहिलाच नव्हता. मार्टिनला वाटलं असेल की इथली अशीच पद्धत आहे. त्याने मान हलवली.

मेस्त शेडच्या मधोमध त्या फळीवर बसले. डावीकडे, उजवीकडे, टकटक. "व्हर."

ती बसच्या टपावर बांधून मोरजीला गेली. उचलायला चार माणसं लागली. दोन दिवसांनी त्याच बसच्या टपावरून ती परत आली. गावाने जाताना पाहिली होती, येताना तर अधिकच पाहिली. मार्टिन बिचारा ओशाळून सांगत होता, की तो तिच्यावर आडवा झाला आणि ती त्याला घेऊन हळूच पाण्याखाली गेली. तरंगत होती, पण फक्त ती एकटी. आणि काठाला आणताना तिचे पाय वाळूत रुतून बसले.

विश्राम मेस्तांच्या शेडमध्ये परत आलेली ती पहिली वस्तू. मला वाटलं आता ते मार्टिनला बोल लावतील, निदान फणसाला तरी. पण ते त्या फळीवर जाऊन बसले आणि संध्याकाळच्या मंडळींना म्हणाले, आज शेड बंद. काकींनी चहा आणून ठेवला तो निवला. मी खिडकीतून बघत होते आणि मला फार वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा ते दारात उभे होते. "बाये, फट मारली," म्हणाले. मी विचारलं, कुणी? त्यांनी हाताने मागे, आयुष्यात पहिल्यांदाच फसलेल्या आपल्या बैठकीकडे दाखवलं. "पयलेच फावट. चूक ताची न्हय. हांव बसलों खंय? जमनीर. वस्त उदकाची, आनी हांव बसलों जमनीर." मग म्हणाले, "दुसरी करतलों. आनी व्हर म्हणचे आदीं उदकांत बसतलों." हे बोलले आणि त्यांचा चेहरा असा झाला, की आपण काय बोलून बसलो हे त्यांना आत्ता कळलं.

मग त्या वयात विश्राम मेस्त शिकायला बसले. मार्टिनला आकार ठाऊक होता, लाकूड ठाऊक नव्हतं. यांना लाकूड ठाऊक, आकार नाही. मार्टिन म्हणाला हलकं लाकूड हवं. सगळ्यांत हलका पांगारा, पण पांगारा म्हणजे कुंपणाचं झाड, मिरीचे वेल चढवायचं. सुताराने त्याला हात लावायचा म्हणजे आचाऱ्याने गुरांची पेंड शिजवायची. मेस्त दोन दिवस कुरकुरले. मग शेजारच्या गोठ्याच्या माळ्यावर मागच्या पावसात पडून वाळलेलं पांगाऱ्याचं खोड होतं, ते संध्याकाळी अंधार पडताना आणलं, कुणी बघू नये म्हणून. अर्थात सगळ्यांनी पाहिलं.

खरी पंचाईत झाली ती गुण्याची. मार्टिनला हव्या त्या फळीत सरळ रेषच नव्हती. पोटाला गोल, कडेला गोल, टोकाला वर उचललेली. मेस्त सवयीने गुण्या लावायला जात आणि तो बसायला जागाच मिळत नसे. लावायचे, काढायचे, स्वतःवरच चिडायचे. शेवटी एक दिवस त्यांनी गुण्या कापडात गुंडाळून काकींकडे दिला. काकी घाबरल्या, कारण असा तो फक्त दसऱ्याला, पूजेपुरता घरात यायचा. "ताका सुटी दिल्या," मेस्त म्हणाले. "हांगा ताचें काम ना."

पण मग तपासायचं कशाने? मार्टिन म्हणाला, डोळे मिटून हाताने. तो स्वतः डोळे मिटून कडेवरून तळवा फिरवून दाखवी आणि मधेच थांबून म्हणे, इथे. मेस्तांना ते जमेना. डोळे मिटले की त्यांचा हातच बावचळायचा. यावर उपाय काढला तो लक्ष्मीकाकींनी, तोही चिडून. त्या दुपारी मासळीवाली बांगडे देऊन गेली होती. काकी विळीवर बसल्या होत्या आणि मेस्त शेजारी बसून रोजचंच रडगाणं गात होते, की कोन नाही, कड नाही, असल्या वस्तूला करायचं तरी कसं. काकींनी एक बांगडा उचलून त्यांच्या हातात आपटला. "ह्याका खंय आसा कोन? उदकांत कसो रांवता तो?"

मेस्त बांगड्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटून त्यांनी त्याच्या डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं. पाठीवरून, पोटावरून, परत पाठीवरून. हे इतका वेळ चाललं की काकी म्हणाल्या, "आतां तो हुमणांत घालूं, काय बायेच्या शाळेंत धाडूं?" हुमण म्हणजे माशाची आमटी. त्या दिवशी हुमणात एक बांगडा कमी पडला. तो शेडमध्ये फळीच्या उशाशी ठेवलेला होता आणि मांजर तिथे जाऊन बसलं होतं.

त्यानंतर मात्र रंध्याचा आवाज बदलला. आधी तो लांब, सरळ यायचा. आता छोटे छोटे घास घेतल्यासारखा, थांबत थांबत. मेस्त एक कीस काढत, डोळे मिटून हात फिरवत, परत एक. मधेच हसत. मला खिडकीतून दिसायचं ते हसणं. काही अडलेलं सुटलं की वर्गात पोरं हसतात तसलं होतं. मार्टिन समोर बसून उकड्या तांदळाची पेज प्यायचा. दोघांची भाषा निराळी आणि तरी माझी गरज आता पडत नव्हती. शेडमध्ये बाकीच्यांची भाषेवरून हमरीतुमरी चाललेली असायची आणि हे दोघे "हांगा", "हिअर", "ना", "यस" एवढ्यावर महिनाभर सुखाने बोलत होते.

फाल्गुन लागायच्या तोंडावर फळी पुरी झाली. उंडीचं तेल आणि राळ लावून पिवळीधमक झाली होती. मार्टिनने मागच्या टोकाखाली माशाच्या परासारखा लाकडाचा एकच उभा पंख बसवायला सांगितला, वळण्यासाठी. मेस्तांना एवढा आनंद झाला. "पळय! पाय आसा मरे. एक तर एक."

आता राहिलं फक्त बसायचं. आणि इथे गाडं अडलं. पहिल्या दिवशी मेस्त म्हणाले, आज अमावास्या. मग म्हणाले, शिगमो आहे, शिगम्यात नको. मग वारा वाईट. मग काकींच्या गुडघ्याला बरं नाही, जसं काही काकीच बसणार होत्या. फळी भिंतीला टेकून उभी, आणि मार्टिन रोज मोरजीहून येऊन तिच्याकडे बघून परत जायचा. एक दिवस त्याने ती उचलली आणि खुणेने सांगितलं, मी नेऊन बघतो. मेस्तांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "आदीं हांव." रागाने नाही, पण दिली नाही. काकी शेवटी कळवळून म्हणाल्या, "दियात न्हय ताका तशेंच. कोण पळयता?" मेस्त म्हणाले, "एक फावट तशेंच दिलें. परत आयलें." आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. भीती खरी होती. मी त्यांना रात्री जेवताना घास हातात धरून बसलेलं पाहिलं आहे. वस्तू न बसता द्यायची तर आयुष्यभराचा नेम मोडला, आणि नेम पाळायचा तर समुद्रात जायचं.

त्याच सुमारास माझी बदली झाली, परत कारापूरकडच्या शाळेत. मेस्तांनी निरोपाचा पाट करून दिला, फणसाचा, दोन पायांचा. शेडमध्ये बसले, कलले, टकटक केली. आणि म्हणाले, व्हर. मी निघणार त्या दिवशी सकाळीच मार्टिन आला. तोही दोन दिवसांत घरी जाणार होता. त्याने मला सांगायला सांगितलं की फळी मेस्तांकडेच राहू दे, मला वाईट वाटणार नाही, बनताना बघायला मिळाली तेच पुष्कळ. मी सांगितलं.

मेस्त उठले. आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून, टोपी ठीक करून बाहेर आले. "बाये, तुजी बस मोरजेच्यान वता न्हय?" म्हणाले. बस खरंच मोरजीला वळसा घालून जायची. "चल. तुजी ट्रंक, तुजो पाट आनी ही. सगळीं एकाच टपार."

मोरजीच्या किनाऱ्याशी बस थांबली. ड्रायव्हर गावचाच, त्याला सगळं माहीत. तो म्हणाला चहा घेऊन येतो, म्हणजे थांबतो. बरोबर आलेल्या काकींनी समुद्राला नारळ दिला. मेस्तांनी सदरा काढून घडी करून माझ्याकडे दिला, टोपी मात्र डोक्यावरच ठेवली. मार्टिनने फळी पाण्यावर ठेवली आणि ती तरंगली, हलकी, पानासारखी. मेस्त घोट्याएवढ्या पाण्यात गेले आणि थांबले. मागे वळून काकींकडे बघितलं. काकी, ज्या इतके दिवस जाऊ नका म्हणत होत्या, त्या आता जा म्हणून ओरडल्या, "वच न्हय आतां! नाल्ल वायट वतलो!" नारळ वाया जाईल म्हणून मेस्त पुढे गेले.

कमरेएवढ्या पाण्यात मार्टिनने त्यांना धरून फळीवर बसवलं. माणूस त्यावर पाय सोडून बसतो म्हणे. मेस्तांना बसणं म्हणजे मांडी एवढंच ठाऊक. त्यांनी मांडी घातली. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते, भजन मराठीत. लाट आली, फळी वर गेली, खाली आली. मेस्त तिच्याबरोबर वर गेले, खाली आले. मग त्यांनी एक हात सोडला. थोडे डावीकडे कलले. उजवीकडे. बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. मार्टिनही, हात पुढे करून. मेस्तांनी डोळे उघडले, दुसराही हात सोडला, समुद्राकडे बघितलं, मग मार्टिनकडे.

"रांव मरे मात्सो," म्हणाले. जरा थांब.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी सदरा काकींच्या हातात ठेवला आणि धावत बसमध्ये चढले. पुढे लग्नकार्यात आमच्या भेटी झाल्या, पण त्या गर्दीतल्या, मी त्या धरत नाही. बस वळली तेव्हा खिडकीतून शेवटचं बघितलं. काकी काठावर हात हलवून जेवायला बोलावत होत्या, मार्टिन पाण्यात तसाच उभा होता, आणि विश्राम मेस्त टोपी घालून, ताठ, मांडी घालून समुद्रावर बसले होते. व्हर म्हटलेलं काही मला ऐकू आलं नाही.